शरीरातील लोहाचे आधिक्य आणि यकृत : थॅलेसेमियाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

महाराष्ट्रात लोह या विषयावर काही लिहावयाचे झाल्यास प्रथम त्याच्या कमतरतेचाच उल्लेख करावा लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया आणि ६ ते ५९ महिने वयाची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयी आढळली. चौथ्या फेरीत स्त्रियांचे हेच प्रमाण ४८ टक्के होते. शाळा-महाविद्यालयांतून लोह व फॉलिक अ‍ॅसिडच्या निळ्या गोळ्या वाटल्या जातात, राष्ट्रीय सेवा योजनेमार्फत हिमोग्लोबिन तपासणीची शिबिरे होतात आणि हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोह कमी, हे समीकरण विद्यार्थ्यांच्या व आपल्याही मनात पक्के बसलेले असते. बहुतेक वेळा ते बरोबरही असते.

परंतु याच राज्यात अशीही मुले आहेत की ज्यांचे हिमोग्लोबिन कमी आहे आणि शरीरातील लोह मात्र धोकादायक पातळीपर्यंत वाढलेले आहे. ही थॅलेसेमिया मेजरची मुले होत. दर तीन-चार आठवड्यांनी त्यांना रक्त द्यावे लागते. या रक्तामुळे ती जगतात आणि त्याच रक्तातील लोहामुळे त्यांचे यकृत, पुढे हृदय व अंतःस्रावी ग्रंथी निकामी होत जातात. प्रस्तुत लेखात लोहाच्या आधिक्याने यकृतात नेमके काय घडते, ते लोह बाहेर काढण्याच्या प्रयत्नात मुंबईचा वाटा कोणता आणि महाविद्यालयीन अध्यापकांना या ज्ञानाचा प्रत्यक्ष उपयोग कोठे होतो, याचा विचार केला आहे.

लोहाचा जमाखर्च

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्यातील दोन-तृतीयांश भाग हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेला असतो. तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मोडली की तिच्यातील लोह प्लीहा, यकृत व अस्थिमज्जेतील भक्षक पेशी काढून घेतात आणि नवीन पेशींसाठी पुन्हा रक्तात सोडतात. या फेरवापरातून रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह फिरत असते. त्या मानाने बाहेरून येणारे लोह अगदीच थोडे, दिवसाला १ ते २ मिलिग्रॅम. बाहेर जाणारेही तेवढेच असते आणि ते आतड्याच्या व त्वचेच्या झडणाऱ्या पेशींबरोबर आणि स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळीतून जाते.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावयास हवी. सोडियम जास्त झाले तर मूत्रपिंड ते बाहेर टाकते, परंतु जादा लोह बाहेर टाकण्याची कोणतीही व्यवस्था मानवी शरीरात नाही. इंग्लंडमधील मॅकान्स आणि विडोसन यांनी १९३७ मध्ये ही बाब प्रयोगाने मांडली. लोहाचे संतुलन उत्सर्जनावर नव्हे तर शोषणावर अवलंबून असते, हा त्यांचा निष्कर्ष आजही कायम आहे. म्हणजे शरीरात लोहाला एकच दरवाजा आहे, तो आतड्यात आहे आणि तो आत उघडणारा आहे.

या दरवाजाची किल्ली यकृताकडे असते, हे मात्र समजण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. २००० ते २००१ या काळात यकृतात तयार होणाऱ्या हेप्सिडिन या छोट्या संप्रेरकाचा शोध लागला आणि ते आतड्याच्या पेशींतून लोह रक्तात सोडणाऱ्या फेरोपोर्टिन या प्रथिनाला निकामी करते, हे २००४ मध्ये स्पष्ट झाले. शरीरात लोह पुरेसे असले की यकृत हेप्सिडिन वाढवते व दरवाजा बंद होतो; लोह कमी पडले की हेप्सिडिन घटते व दरवाजा उघडतो. यकृत हे लोहाचे कोठार आहे, एवढेच आपण पाठ्यपुस्तकात शिकलो. प्रत्यक्षात कोठार आणि कोठावळा ही दोन्ही कामे तेच करते.

शिरेतून येणारे लोह

आता रक्तसंक्रमणाचा विचार करू. शिरेतून दिलेले रक्त आतड्याच्या दरवाजातून येतच नाही. यकृताने हेप्सिडिन कितीही वाढवले तरी त्याचा येथे उपयोग नसतो.

हिशोब साधा आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असते. आपल्या महाविद्यालयाच्या रक्तदान शिबिरात विद्यार्थी ३५० मिलिलिटर रक्त देतो, तेव्हा त्याचे हिमोग्लोबिन १३ धरल्यास त्या पिशवीतून सुमारे ४५ ग्रॅम हिमोग्लोबिन आणि त्याबरोबर दीडशे मिलिग्रॅमहून थोडे अधिक लोह जाते. ४५० मिलिलिटरच्या पिशवीत ते दोनशेच्या घरात असते. दात्याचे शरीर काही आठवड्यांत ही तूट अन्नातून भरून काढते. घेणाऱ्या मुलाच्या शरीरातून मात्र ते बाहेर जाण्याचा मार्ग नसतो. वीस किलो वजनाच्या थॅलेसेमियाग्रस्त मुलाला वर्षभर नियमित रक्त दिले, तर त्याच्या शरीरात साधारण ३ ग्रॅम लोह जमा होते. पूर्ण वाढ झालेल्या माणसाच्या अंगात जितके लोह असते, जवळजवळ तितके लोह एका वर्षात एका लहान मुलाच्या शरीरात साठते आणि दरवर्षी त्यात तेवढीच भर पडते.

दुर्दैवाने थॅलेसेमियात आतड्याचा दरवाजाही नीट बंद होत नाही. अस्थिमज्जा सदोष पेशी बनवण्यासाठी अहोरात्र झटत असते. तिच्यातील अपक्व पेशी एरिथ्रोफेरोन नावाचा संदेशवाहक सोडतात. याचा शोध २०१४ चा आहे. रक्त हवे आहे, तेव्हा लोह येऊ द्या, असा हा संदेश यकृताला मिळतो व ते हेप्सिडिन कमी करते. म्हणूनच थॅलेसेमिया इंटरमीडिया या सौम्य प्रकारात रक्त क्वचितच द्यावे लागले तरी वयाच्या तिशी-चाळिशीत यकृतात लोह साठलेले आढळते. गोदाम भरलेले असताना मागणीपत्रे येतच राहावीत, असा हा प्रकार आहे.

पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत लोहाधिक्याचे प्रमुख उदाहरण म्हणून आनुवंशिक हिमोक्रोमॅटोसिस दिलेले असते. फोन रेक्लिंगहाउझेन यांनी १८८९ मध्ये हा शब्द रूढ केला आणि १९९६ मध्ये त्यास कारणीभूत एचएफई हे जनुक सापडले. परंतु त्यातील सी२८२वाय हे प्रमुख उत्परिवर्तन मुख्यतः उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत आढळते. भारतात ते फारच विरळ आहे. त्या रुग्णांवरील उपचारही सोपा असतो. ठरावीक काळाने पिशवीभर रक्त काढून टाकले की लोह उतरते. आपल्याकडील थॅलेसेमियाच्या मुलाला हा उपाय लागू करता येत नाही, कारण त्याला मुळात रक्तच कमी आहे. परदेशी पुस्तकातील प्रकरण जसेच्या तसे वर्गात शिकवले तर आपल्या विद्यार्थ्याला आपल्या प्रदेशातील खरा प्रश्न दिसणारच नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

यकृतपेशीत काय घडते

रक्तातून लोह वाहून नेण्याचे काम ट्रान्सफेरिन हे प्रथिन करते. निरोगी माणसात त्याच्या वाहनक्षमतेपैकी सुमारे एक-तृतीयांशच वापरली जाते. लोह वाढत गेले की ही क्षमता संपते आणि ट्रान्सफेरिनला न चिकटलेले मोकळे लोह रक्तात फिरू लागते. ट्रान्सफेरिनवरील लोह पेशी आपल्या गरजेनुसार घेते. या मोकळ्या लोहाला मात्र तसा अटकाव नसतो. यकृतपेशी ते वेगळ्या मार्गाने सतत ओढून घेतात.

रक्तातून दिलेल्या लोहाचा पहिला मुक्काम यकृतातील कुप्फर पेशींत असतो. मोडलेल्या तांबड्या पेशी गिळणाऱ्या या भक्षक पेशी बराच काळ लोह सांभाळतात. त्यांची क्षमता संपली की लोह मुख्य यकृतपेशींत उतरते. तेथे ते फेरिटिन नावाच्या पोकळ गोलाकार प्रथिनात ठेवले जाते. एका फेरिटिनमध्ये साडेचार हजारांपर्यंत लोह-अणू मावतात. फेरिटिनही भरले की त्याचे अवशेष एकत्र येऊन हिमोसिडेरिनचे सोनेरी-तपकिरी कण बनतात. यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पर्ल्सच्या पद्धतीने रंगवला, तर हे कण गडद निळे दिसतात. हा निळा रंग म्हणजे आपल्या प्रयोगशाळेत फेरिक क्षाराची ओळख पटवणारा प्रशियन ब्ल्यूच होय. पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी परीक्षानळीत जी अभिक्रिया करतो, तीच विकृतिशास्त्रज्ञ काचपट्टीवर करतो, हे वर्गात अवश्य सांगावे.

साठवलेले लोह तुलनेने निरुपद्रवी असते. हानी होते ती साठवणीबाहेर राहिलेल्या थोड्याशा क्रियाशील लोहामुळे. १८९४ मध्ये फेंटन यांनी फेरस लोह व हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या मिश्रणाने टार्टारिक आम्लाचे ऑक्सिडीकरण होते, असे दाखवले. या अभिक्रियेत हायड्रॉक्सिल हा अत्यंत तीव्र मुक्तमूलक तयार होतो. कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करण्यासाठी हीच अभिक्रिया आज मुद्दाम घडवून आणतात. यकृतपेशीत तिला बोलवावे लागत नाही. पेशीच्या श्वसनात हायड्रोजन पेरॉक्साइड सतत तयार होतच असते आणि लोह तेथे हजर असते. तयार झालेला मुक्तमूलक पेशीपटलातील मेदाम्लांवर हल्ला करतो. एका मेदाम्लाचे ऑक्सिडीकरण झाले की शेजारच्या रेणूचे होते, अशी साखळी सुरू होते. तंतुकणिका, लायसोसोम आणि डीएनए यांनाही इजा पोहोचते. लोहाच्या मध्यस्थीने होणाऱ्या पेशीमृत्यूच्या एका प्रकाराला २०१२ मध्ये फेरोप्टोसिस असे स्वतंत्र नाव मिळाले.

पेशी मेल्या म्हणून यकृत लगेच निकामी होत नाही, कारण त्याची पुनर्निर्माणाची शक्ती मोठी आहे. खरा घात होतो तो दुरुस्तीच्या प्रयत्नात. यकृतपेशी व रक्तकेशिका यांच्यामधील जागेत तारकाकृती पेशी असतात. एरवी त्या जीवनसत्त्व ‘अ’ साठवून शांत असतात. शेजारच्या पेशींचा नाश होऊ लागला आणि कुप्फर पेशींकडून दाहाचे संदेश आले की त्या आपले रूप बदलतात व कोलॅजेनचे तंतू विणू लागतात. सुरुवातीला हे तंतू प्रवेशिकांभोवती दिसतात, मग एका प्रवेशिकेपासून दुसरीपर्यंत त्यांचे पूल बांधले जातात आणि शेवटी यकृताचे लहानमोठ्या गाठींत विभाजन होते. यालाच सिऱ्होसिस किंवा यकृतसूत्रण म्हणतात. अशा यकृतात कर्करोगाचाही धोका असतो. पूर्वी थॅलेसेमियाचे रुग्ण तोवर जगतच नसत. आयुर्मान वाढल्यावर हा धोका दिसू लागला. इटलीतील डॉक्टरांनी २००४ मध्ये अशा रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला.

या सर्व काळात यकृत फारशी तक्रार करीत नाही. एएलटीसारख्या नेहमीच्या चाचण्या बराच काळ जवळपास सामान्य राहू शकतात. रक्तातील फेरिटिन वाढते, परंतु ते ताप, दाह, मेदयुक्त यकृत आणि मद्यपान यांतही वाढते. मधुमेही किंवा स्थूल व्यक्तीच्या तपासणीत फेरिटिन ५०० दिसले म्हणून तिच्या यकृतात लोह साठले आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. तेथे ट्रान्सफेरिनची संपृक्तता पाहावी लागते. यकृतातील लोह मोजण्यासाठी पूर्वी सुईने तुकडा काढावा लागे. आता एमआरआयच्या विशेष तंत्राने ते मोजता येते. कोरड्या वजनाच्या प्रत्येक ग्रॅममागे १.८ मिलिग्रॅमपर्यंत लोह सामान्य समजतात. ७ च्या पुढे गुंतागुंतीची शक्यता वाढते आणि १५ च्या पुढे हृदयविकाराचा धोका गंभीर मानला जातो.

बीटा थॅलेसेमियाच्या रुग्णांत आणखी एक सोबती भेटतो, तो म्हणजे हिपॅटायटिस सी चा विषाणू. भारतात दात्याच्या रक्ताची या विषाणूसाठी तपासणी २००१ मध्ये सक्तीची झाली. त्यापूर्वी वाढलेल्या मुलांपैकी अनेकांना जीव वाचवणाऱ्या रक्ताबरोबर हा संसर्गही मिळाला. लोह आणि विषाणू एकत्र आले की तंतुमयता अधिक वेगाने वाढते. पुढे ज्या वादाचा उल्लेख यावयाचा आहे, त्यात ही बाब महत्त्वाची ठरली.

औषधाचा शोध आणि मुंबई

शरीराला लोह बाहेर टाकता येत नसेल, तर ते धरून बाहेर नेणारा रेणू शरीरात सोडावा, ही कल्पना मूलतः रसायनशास्त्राची. असा पहिला उपयुक्त रेणू डेस्फेरिऑक्झामाइन हा होय. तो स्ट्रेप्टोमायसिस पिलोसस या सूक्ष्मजीवापासून मिळतो आणि १९६० च्या दशकापासून वापरात आहे. त्याचा एक रेणू लोहाच्या सहाही बाजू एकट्याने व्यापतो, त्यामुळे पकड घट्ट असते. परंतु तो तोंडावाटे घेता येत नाही. पोटाच्या त्वचेखाली सुई खुपसून, लहान पंपाच्या साहाय्याने, रात्री आठ ते बारा तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री तो द्यावा लागतो. एखाद्या मुलाने आयुष्यभर रोज रात्री सुईसह झोपावे, ही अपेक्षा श्रीमंत देशांतही पुरी होत नसे. आपल्याकडे तर औषध आणि पंप यांचा खर्च बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेर होता. पोटाला चिमटा काढून रक्त मिळवणारे आईबाप लोह काढण्याच्या औषधापाशी हतबल होत.

तोंडावाटे घेता येईल असा रेणू लंडनमध्ये हायडर व कॉन्टोघिऑर्गेस यांच्या संशोधनातून १९८० च्या दशकाच्या प्रारंभी पुढे आला. त्याचे सांकेतिक नाव एल-१, पुढे डेफेरिप्रोन. १९८७ मध्ये लंडनमध्ये तो प्रथम रुग्णांना देण्यात आला. लहान आकारामुळे तो आतड्यातून शोषला जातो, पेशीच्या आत शिरतो आणि तेथील लोहही पकडतो. मात्र लोहाचा एक आयन पूर्णपणे बांधण्यासाठी त्याचे तीन रेणू लागतात.

या औषधाचे दीर्घकालीन परीक्षण करणाऱ्या पहिल्या काही केंद्रांत मुंबईचा समावेश होतो. रक्तविकारतज्ज्ञ डॉ. एम. बी. अगरवाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तसंक्रमणावर अवलंबून असलेल्या थॅलेसेमियाच्या रुग्णांवरील निष्कर्ष १९९२ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ हिमॅटॉलॉजी या नियतकालिकात प्रसिद्ध केले. औषध लोह काढते हे त्यात दिसले आणि सांधे दुखण्या-सुजण्याचा त्रास अनेकांना होतो, हेही दिसले. १९९० च्या दशकाच्या मध्यास भारत हा या औषधाला परवाना देणारा जगातील पहिला देश ठरला आणि मुंबईच्या सिप्ला कंपनीने ते ‘केल्फर’ या नावाने बाजारात आणले. युरोपीय संघाने १९९९ मध्ये आणि अमेरिकेने २०११ मध्ये त्यास मान्यता दिली. औषधांच्या इतिहासात हा क्रम नेहमीच्या उलटा आहे. कॅप्सूल घेणाऱ्या मुलाची लघवी लालसर होते. शरीराबाहेर जाणाऱ्या लोहाचा तो रंग असल्यामुळे एरवी काळजीत पाडणारी ही खूण या घरांत औषध काम करीत असल्याचा पुरावा ठरली.

आता यकृताशी थेट निगडित असा वाद. टोरांटोच्या बालरुग्णालयातील डॉ. नॅन्सी ऑलिव्हिएरी यांनी १९९८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात असे मांडले की, डेफेरिप्रोन घेणाऱ्या ज्या १४ रुग्णांच्या यकृताचे तुकडे पुन्हा तपासले गेले, त्यांपैकी ५ जणांत तंतुमयता वाढली होती. जुने औषध घेणाऱ्या १२ जणांत एकाचीही वाढली नव्हती. जे औषध यकृत वाचवण्यासाठी द्यावयाचे, तेच त्यास इजा करते की काय, असा प्रश्न उभा राहिला. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही शंका निराधार नव्हती. एका लोह-आयनाला तीन रेणू लागत असल्यामुळे औषधाचे प्रमाण कमी पडले तर अर्धवट बांधलेले लोह उरते व ते पुन्हा क्रियाशील होऊ शकते. तथापि, रुग्णसंख्या लहान होती आणि हिपॅटायटिस सी च्या संसर्गाचा परिणाम वेगळा काढणे अवघड होते, असे आक्षेप घेण्यात आले. २००२ मध्ये वॉनलेस व सहकाऱ्यांनी ५६ रुग्णांच्या ११२ तुकड्यांचे परीक्षण प्रसिद्ध केले. त्यात औषधामुळे तंतुमयता वाढल्याचे आढळले नाही. हा दुसरा अभ्यास औषधनिर्मात्या कंपनीच्या साहाय्याने झालेला होता, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. कंपनीशी झालेल्या करारातील गुप्ततेची अट मोडून धोका रुग्णांना सांगण्याचा संशोधकाला अधिकार आहे की नाही, यावरून कॅनडात जो संघर्ष झाला, तो संशोधन-नीतिशास्त्राच्या अभ्यासक्रमात आजही शिकवला जातो. संशोधन प्रकल्पांसाठी बाहेरून निधी घेणाऱ्या आपल्या महाविद्यालयांनीही तो अभ्यासण्याजोगा आहे.

आज स्थिती अशी आहे की, डेफेरिप्रोन हृदयातील लोह काढण्यात विशेष परिणामकारक मानले जाते, परंतु सुमारे एक टक्का रुग्णांत पांढऱ्या पेशी एकाएकी घटत असल्याने रक्ताची वारंवार तपासणी करावी लागते. २००५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले डेफेरासिरॉक्स दिवसातून एकदा घेता येते. यकृतातील लोह त्याने चांगले उतरते. मात्र मूत्रपिंड व यकृत या दोहोंवर लक्ष ठेवावे लागते. १० ते २० वेळा रक्त दिल्यानंतर किंवा फेरिटिन १००० च्या पुढे गेल्यावर औषध सुरू करावे, असा संकेत आहे.

यकृत पुन्हा सुधारते काय? याचे उत्तर इटलीतील पेसारो येथे मिळाले. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने थॅलेसेमिया बरा झालेल्या मुलांना पुढे रक्ताची गरज राहिली नाही. तेव्हा त्यांचे रक्त काढून किंवा औषधाने साठलेले लोह उतरवण्यात आले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार त्यांपैकी काही जणांत प्रस्थापित झालेला सिऱ्होसिसही मागे हटला. याच केंद्राने प्रत्यारोपणाचे यश आधी ओळखण्यासाठी जे तीन निकष ठरवले, त्यांपैकी दोन यकृताचे आहेत : वाढलेले यकृत आणि त्यातील तंतुमयता. तिसरा निकष म्हणजे लोह काढण्याच्या उपचारातील अनियमितता. याचा अर्थ, लहानपणी औषधात झालेला हलगर्जीपणा पुढे बरे होण्याची संधीही कमी करतो.

भांडी आणि तांदूळ

या विषयावर बोलताना हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, लोखंडी कढईतील भाजीने यकृत बिघडते का? निरोगी माणसाला काळजीचे कारण नाही. चिंच, टोमॅटो, आमसूल घातलेल्या पदार्थात थोडे अधिक लोह उतरते, पण आतड्याचा दरवाजा आपले काम करीत असतो. जगात अन्नातील लोहाने यकृत बिघडल्याचे ठळक उदाहरण आफ्रिकेच्या दक्षिण भागातील आहे. तेथे लोखंडी पिंपांत आंबवलेल्या घरगुती बिअरच्या एका लिटरमध्ये ४० ते ८० मिलिग्रॅम लोह असे आणि ती मोठ्या प्रमाणात प्यायली जाई. आम्लता, मद्य, भरपूर लोह आणि बहुधा आनुवंशिक कल अशा अनेक गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या.

महाराष्ट्रात भांड्यामुळे यकृताचा घात झाला तो लोखंडाने नव्हे, तर तांब्या-पितळेने. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८० च्या दशकात दाखवले की, लहान बाळांना दिले जाणारे गाईम्हशीचे दूध कल्हई नसलेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात तापवले व ठेवले असता त्यात तांबे उतरते आणि ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ या प्राणघातक बालरोगाशी त्याचा संबंध आहे. भांडी बदलली आणि हा रोग जवळजवळ दिसेनासा झाला. स्टीलच्या पातेल्याने एक रोग हटवल्याची ही घटना आपल्या विद्यार्थ्यांना फारशी ठाऊक नसते.

दुसरा प्रश्न स्वस्त धान्य दुकानातील लोहयुक्त तांदळाचा. या तांदळाच्या प्रमाणकानुसार एका किलोत २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह मिसळले जाते. दिवसाला १५० ग्रॅम तांदूळ खाणाऱ्याला त्यातून सुमारे ४ ते ६ मिलिग्रॅम लोह मिळेल आणि त्याचा लहान अंशच शोषला जाईल. रक्ताच्या एका पिशवीतील लोहापुढे हे प्रमाण नगण्य आहे. पिशवीवर थॅलेसेमियाच्या रुग्णांसाठी छापला जाणारा इशारा २०२४ मध्ये वगळण्यात आला, तो याच कारणाने. हा निर्णय शास्त्रीयदृष्ट्या समजण्याजोगा आहे. लोहभस्म, मंडूरभस्म किंवा लोहयुक्त टॉनिक यांची बाब मात्र वेगळी. पांडुरोगावर ती परंपरेने दिली जातात. थॅलेसेमियाच्या मुलाचा फिकटपणा पाहून घरच्यांनी ती सुरू करू नयेत. मद्याविषयी वेगळे सांगावयास नकोच.

हिमोग्लोबिन शिबिरानंतर

अध्यापकांचा या विषयाशी प्रत्यक्ष संबंध येतो तो येथे. दिल्ली व मुंबई येथील शालेय मुलांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचे एकूण प्रमाण ४.०५ टक्के आढळले. मुंबईत ते २.६८ टक्के होते. सिंधी, लोहाणा, भानुशाली अशा काही समाजांत ते अधिक असले, तरी हा त्यांचाच आजार आहे हा समज बरोबर नाही. मुंबईचे प्रमाण आपल्याकडे जसेच्या तसे लागू होईलच असे नाही. तरीही ते गृहीत धरले तर हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात पंचवीसहून अधिक वाहक असू शकतात.

वाहक व्यक्ती निरोगी असते. तिचे हिमोग्लोबिन १० ते ११ च्या आसपास रेंगाळते आणि तांबड्या पेशी आकाराने लहान असतात. लोहाच्या कमतरतेतही पेशी लहानच होतात. साहजिकच शिबिरानंतर तिला लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. आठवड्यातून एक निळी गोळी घेण्याने तिचे नुकसान होत नाही. आतड्याचा दरवाजा शाबूत असतो आणि तिलाही लोहाची कमतरता असू शकते. परंतु हिमोग्लोबिन वाढत नाही म्हणून महिनोन्महिने मात्रा वाढवत नेणे आणि शेवटी फेरिटिन न पाहता शिरेतून लोहाची इंजेक्शने देणे, हा प्रकार टाळावयास हवा. इंजेक्शनातील लोहदेखील, रक्ताच्या पिशवीतील लोहाप्रमाणेच, दरवाजा चुकवून आत येते.

ओळखण्याची पहिली पायरी नेहमीच्या रक्तगणनेतच असते. तांबड्या पेशीच्या सरासरी आकाराला दशलक्षात मोजलेल्या पेशीसंख्येने भागावे. उत्तर १३ पेक्षा कमी आल्यास थॅलेसेमियाच्या वाहकाची शंका घ्यावी, जास्त आल्यास लोहाच्या कमतरतेची. मेंट्झर यांनी १९७३ मध्ये सुचवलेला हा भागाकार कॅलक्युलेटरवर होतो. तो अचूक नाही, पण कोणाला पुढील चाचणीसाठी पाठवावे, हे ठरवण्यास पुरेसा आहे. पुढची चाचणी एचपीएलसी पद्धतीने हिमोग्लोबिन ए-२ मोजण्याची. ते ३.५ टक्क्यांहून अधिक असल्यास व्यक्ती सामान्यतः वाहक समजली जाते. लोहाची तीव्र कमतरता असताना ए-२ खोटे कमी दिसू शकते, म्हणून फेरिटिन कमी असलेल्यांत आधी लोह भरून काढून मग चाचणी करणे इष्ट.

या चाचणीचे महत्त्व दक्षिण महाराष्ट्रात अधिक आहे. मामाच्या मुलीशी विवाह ही आपल्याकडील मान्य प्रथा असून इरावती कर्वे यांनी आपल्या नातेसंबंधांवरील १९५३ च्या ग्रंथात तिची चर्चा केली आहे. मुलगा वाहक असेल तर आते-मामे नात्यातील मुलीकडे तेच जनुक असण्याची शक्यता आठास एक, म्हणजे साडेबारा टक्के असते. नात्याबाहेरील मुलीच्या बाबतीत ती वाहकांच्या सर्वसाधारण प्रमाणाइतकी, म्हणजे तीन-चार टक्के. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात थॅलेसेमिया मेजरचे मूल होण्याची शक्यता चारास एक असते. गर्भावस्थेच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना तपासून गर्भाचे निदान करता येते. पण त्यासाठी आपण वाहक आहोत, हे जोडप्याला आधी ठाऊक असावे लागते. सध्या अनेक जोडप्यांना ते पहिल्या आजारी मुलानंतरच कळते.

तपासणीचा निष्कर्ष कसा कळवावा, याबाबत मात्र सावध राहिले पाहिजे. शिबिरे बहुधा मुलींसाठी घेतली जातात आणि यादी सूचनाफलकावर लागते. आपल्या समाजात ‘वाहक’ हा शब्द मुलीच्या नावापुढे लागला तर तिच्या विवाहात अडचणी येतील आणि त्याच वर्गातील तपासणी न झालेला वाहक मुलगा निर्धास्त राहील. वास्तविक प्रश्न दोघांच्या जोडीचा आहे. एकट्या वाहकामुळे कोणतेही मूल आजारी होत नाही. म्हणून मुलांची तपासणी मुलींइतकीच, किंबहुना आधी व्हावी, निष्कर्ष बंद पाकिटात फक्त संबंधित विद्यार्थ्याच्या हाती द्यावा आणि महाविद्यालयाने नावांची यादी जवळ ठेवू नये. चाचणी आयुष्यात एकदाच करावयाची असते. रक्तगटाप्रमाणेच तिचा निष्कर्ष बदलत नाही.